बरं हाय म्हणायचं न्हाई

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकानात मशीनच्या वर एक पाटी आहे. मीच रंगवलेली. 'दवाखान्याच्या योजनेचा फोन आला तर बरं हाय म्हणायचं न्हाई.' नवीन गिऱ्हाईक ती वाचून हसतं. जुनं गिऱ्हाईक हसत नाही. बाईनं लोकांच्या भल्यासाठी पाटी लावली असं गावात म्हणतात, आणि मी म्हणू देते. खरं सांगायचं तर ती मी एका माणसाचं वाटोळं करायला लावली होती. ते झालं. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि वाटायला पाहिजे असं कुणी शिकवायला आलं तर त्याच्याशी भांडायची माझी तयारी आहे.

आमचे हे जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होते. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी रोज दहा बायकांच्या नवऱ्यांची नावं टाइप करते, पण माझ्या नवऱ्याचं नाव इथंही घेणार नाही. एका दुपारी भट्टीतून लोखंड उसळलं. ह्यांच्या शेजारी उभा असलेला जोडीदार गेला, ह्यांना ओरखडाही आला नाही. सगळे म्हणाले, नशीब. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी गॅस पेटवला तर हे उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून भिंतीकडं तोंड करायचे. मी कुकर माळ्यावर टाकला आणि वर्षभर डाळ पातेल्यात शिजवली. उदबत्ती बंद, देवाजवळचा दिवा बंद. कारखाना तर सुटलाच.

घरात माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, बाजेवर होत्या. वय झालेलं, हृदय थकलेलं. पोटी एकच लेक. त्यांनी मरणाची सगळी तयारी करून ठेवली होती, लुगडं कोणतं नेसवायचं तेही सांगून ठेवलं होतं. त्यांचं एकच मागणं होतं. "माझ्या लेकाच्या हातची आग लागू द्या मला." असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. हे ऐकायचे आणि अंगणात जायचे.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला ट्रस्टचा एक दवाखाना आहे. तिथं दर गुरुवारी जालन्याहून मानसोपचाराच्या मॅडम यायच्या. सरकारी विम्याच्या कार्डावर वर्षाला त्यांच्या आठ भेटी मिळतात, हे मला दुकानामुळं माहीत होतं. जालन्यात खासगीत न्यायचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून मी ह्यांचं कार्ड काढलं आणि काळीपिवळीत बसवून ह्यांना तिथं नेलं. पहिल्या गुरुवारी हे अर्धा तास सदऱ्याचं बटण फिरवत बसले. मॅडमनी घाई केली नाही. मग हे एकदम म्हणाले, "मला माझ्या मायला आग देता आली पाह्यजे. बाकी काही नको."

मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही, देवाधर्माचंही काही बोलल्या नाहीत. एक कागद घेतला आणि त्यावर आठ ओळी लिहिल्या. एक भेट, एक ओळ. पहिली ओळ बोलायची. दुसरी, काडीपेटी खिशात ठेवायची. तिसरी, बायकोनं लांब उभं राहून काडी ओढायची आणि ह्यांनी बघायची. चौथी, उदबत्ती स्वतः लावायची. पाचवी दिवा. सहावी गॅस. सातवी चूल. आठव्या ओळीत लिहिलं होतं, 'स्मशानात साध्या दिवशी जाऊन बसणे, मी सोबत येईन.' तो कागद मी लॅमिनेट केला. दुकान आपलंच होतं.

चार गुरुवार झाले. चौथ्या गुरुवारी ह्यांनी दवाखान्याच्या मागच्या अंगणात उदबत्ती लावली. तीन काड्या वाया गेल्या, घाम मानेवरून सदऱ्यात गेला, पण लावली. परत येताना काळीपिवळीत त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली. चारचौघांत असं त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं. मला लाजही वाटली आणि रडूही आलं. मॅडमनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "आता मधे थांबायचं नाही. अर्ध्यात सोडलं तर भीती पहिल्यापेक्षा मोठी होऊन येते."

त्या रविवारी सकाळी फोन आला. मी कणीक मळत होते, आत्याबाई शेजारीच बाजेवर पडून होत्या, हे दारात बसले होते. फोनवर ह्यांचा आवाज मला नीट ऐकू आला. मोठ्यानं बोलत होते, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "बरं हाय." मग, "लागून राह्यली झोप." मग, "न्हाई, काही तक्रार न्हाई. तुमचं बरं हाय ना? घरचे समदे?" कोण होतं विचारलं तर म्हणाले, दवाखान्यातून खुशाली विचारली. मी म्हणाले, भली माणसं आहेत. आणि कणीक मळत राहिले.

पाचव्या गुरुवारी योजनेच्या टेबलावर ह्यांचं नाव निघेना. टेबलावरचा माणूस कंत्राटी होता, तरी सगळे त्याला साहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणत होते. त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. 'रुग्ण पूर्ण बरा. उर्वरित भेटींची आवश्यकता नाही.' चार भेटींनंतर ह्याच टेबलावरून पडताळणीचा फोन जातो, रुग्ण बरा असेल तर राहिलेल्या भेटी रद्द होतात, असा नियम होता. तो आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

"पण हे बरे न्हाईत, साहेब," मी म्हणाले.

"तुमच्या मालकानं सोता सांगितलं, बरं हाय म्हणून. रेकॉर्डिंग हाय माझ्याकडं."

"अहो, ते म्हणायची पद्धत हाय. रामराम घातल्यासारखं."

"बरं म्हंजे बरं. मी काय त्यांच्या मनात जाऊन बसू का?"

मी त्याच्याकडं बघितलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बुक्का. "साहेब," मी विचारलं, "तुमचं बरं हाय ना?"

"हाव, बरं हाय," तो सहज म्हणाला.

"मंग लिवा की. साहेब पूर्ण बरे, उद्यापासून पगाराची गरज न्हाई."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याचा चेहरा लाल झाला. "पुढं कोण हाय, या," तो माझ्या डोक्यावरून बोलला. मला राग आला तो नियमाचा नाही. नियम लांब कुठंतरी केला होता, करणाऱ्याला आमची भाषा येत नसेल. हा तर अंबडचाच होता. विंचू चावलेला माणूससुद्धा कसंय विचारलं तर आधी बरं हाय म्हणतो आणि मग पाय दाखवतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं ते लिहिलं. बंद झालेल्या फायलींवर त्याचं काम मोजलं जायचं, हे मला नंतर कळलं.

मॅडम बाहेर आल्या, त्याच्याशी भांडल्या. नोंदणीशिवाय पेशंट बघायचा नाही असं दवाखान्यानं त्यांनाच सुनावलं. त्यांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या ह्यांच्याशी पाच मिनिटं बोलून घेतलं, तेवढ्यात आतून हाक आली. मला म्हणाल्या, अपील करा, पंधरा दिवसांची मुदत असते. मी त्याच दिवशी केलं. फॉर्म माझ्याइतका बिनचूक तालुक्यात कुणी भरत नाही.

हे त्या दिवशी घरी आले आणि खिशातली काडीपेटी काढून माझ्या हातात दिली. "ठिव," म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासानंही घर सोडायला लागले. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. मी लॅमिनेट केलेला कागद भिंतीवरून काढला नाही. ओल्या फडक्यानं रोज पुसायची.

आत्याबाई शिमग्याच्या आधी गेल्या. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत संपल्या होत्या. लोक जमले. दारात तीन दगडांवर गोवऱ्या पेटवल्या, मडक्यात विस्तव भरला आणि ते मडकं लेकानं उचलायचं म्हणून सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. हे पुढं आले. खरंच आले. दोन पावलं, तीन पावलं. वाकले. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज आला, तो मी लिहू शकत नाही. ह्यांच्या चुलतभावानं मडकं उचललं. आगही त्यानंच दिली. हे तिरडीमागं कालव्यापर्यंत गेले आणि धूर दिसला तसे उसात शिरले. संध्याकाळी शोधून आणले तेव्हा अंगभर पाचट चिकटलेलं होतं.

मी बाई, स्मशानात गेले नव्हते, पण काय काय बोललं गेलं ते माझ्यापर्यंत पोचलं. पोटचा लेक असून मेल्यावरही मायला पाठ दाखवली, असं एकजण म्हणाला. तो अजून माझ्याकडं झेरॉक्सला येतो. त्याची प्रत मी मुद्दाम फिकट काढते.

तेराव्याच्या दिवशी पंगत बसली होती आणि माझ्या फोनवर मेसेज आला. 'आपले अपील विचारात घेतले आहे. कृपया प्रतीक्षा करावी.' मी वाढता वाढता तो वाचला. पोळ्यांची परात खाली ठेवली, मागच्या खोलीत गेले आणि ठरवलं. शोक वगैरे नंतर. आधी तो टेबलावरचा माणूस.

मला मारामारी येत नाही, शिव्या येतात पण त्यानं काय होतं? मला अर्ज येतात. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. ह्यांच्या फोनचं रेकॉर्डिंग द्या. नाही म्हणाले, मग अपील. पुन्हा टोलवलं, पुन्हा अपील. एका अर्जाला कुणी घाबरत नाही, पण दर सोमवारी एक येतो म्हटल्यावर कार्यालय माणसाला ओळखायला लागतं. तोपर्यंत मी पाटी लावली. कार्डवाला माणूस दुकानात आला की मी त्याची तालीम घ्यायची.

"बाबा, कसं वाटून राह्यलं?"

"बरं हाय, माय."

"संपलं! फाइल बंद! पुन्ना सांगा."

"आता काय म्हनू मंग?"

"झोप येती का?"

"कुठली झोप. छातीवर कोन बसल्यावानी वाटतं."

"हां. हेच म्हणायचं. हेच, आन त्याच्या तब्येतीची इचारपूस बिलकुल करायची न्हाई."

म्हाताऱ्या माणसांना शेवटचं फार अवघड जायचं. समोरच्यानं विचारल्यावर उलटून त्याची खुशाली विचारायची नाही, हे त्यांना पाप वाटायचं. तरी शिकले. पाटीचा फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला, वाटूरपर्यंत पोचला. टेबलावरच्या माणसाच्या फायली बंद व्हायच्या थांबल्या. तो फोन करायचा आणि समोरून अर्धा अर्धा तास दुखणी ऐकायचा. एका बाईनं त्याला गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगितलं असं कळलं, त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले.

रेकॉर्डिंग मिळालं पावसाळ्यात. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी माइक मागितला, आणि मोबाइल माइकला लावून ते सगळ्या गावाला ऐकवलं. "बरं हाय." "लागून राह्यली झोप." "तुमचं बरं हाय ना? घरचे समदे?" तिथं लोक हसले. मग मी 'पूर्ण बरा' लिहिलेला कागद वाचला आणि आत्याबाई कधी गेल्या ते सांगितलं. हसणं थांबलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं माय, मी बी असंच म्हन्ले व्हते त्याला." मग दुसरी उठली. मग एक तरणा माणूस उठला, ज्याला काही झालंय हे त्याच्या भावालाही माहीत नव्हतं. मी तिथंच बसून सगळ्यांचे तक्रारअर्ज लिहिले, अंगठे घेतले. दिवाळीला त्याचं कंत्राट वाढवलं नाही. मला ज्यानं फोन करून सांगितलं, त्याला मी तीनदा सांगायला लावलं.

मधल्या काळात एप्रिल आला तेव्हा कार्डाचं नवीन वर्ष सुरू झालं होतं आणि ह्यांच्या आठ भेटी आपोआप परत आल्या होत्या. कुणाला विनवावं लागलं नाही, काही सिद्ध करावं लागलं नाही. दीड महिना आधी तेच कार्ड बंद होतं. मॅडमनी दुसऱ्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. काडीपेटी, काडी, उदबत्ती, दिवा. चौथ्या भेटीनंतरच्या फोनला मी शेजारी उभी राहिले, बरं हाय म्हणू दिलं नाही. सहाव्या ओळीला ह्यांनी गॅस पेटवून मला चहा करून दिला. सातवी, चूल. आठव्या ओळीवर मॅडमनी कागद मागून घेतला, पण तो लॅमिनेट केलेला, त्यावर पेन चालेना. मग त्यांनी ती ओळ नखानं खरवडली. आजही हे रोज सकाळी चहा करतात, कुकर लावतात, आणि देवाजवळ आत्याबाईंच्या फोटोला दिवा लावतात. एक आग सोडून सगळ्या देता येतात त्यांना.

आता अलीकडचं सांगते. दुपारी दुकानात दोन माणसं आली. एक म्हातारी, आणि तिला धरून तो. इस्त्री नव्हती, दाढी वाढलेली, मला ओळखायला वेळ लागला. त्यानं मला लगेच ओळखलं. म्हातारीला बाकावर बसवून तो पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, कार्डाच्या दोन प्रती पाहिजेत. कार्ड त्याचंच होतं. सोबत दवाखान्याचा कागद होता, त्यावर मॅडमचं अक्षर आणि चार गुरुवारांच्या चार सह्या. काम सुटल्यापासून ह्याची छाती धडधडते, हायवेवर गाडी चालवता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. वाचायचा मला अधिकार नव्हता. मी वाचलं.

कार्ड काचेवर ठेवत होते तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कानाला लावला तरी समोरचा आवाज बाहेर येत होता, कुणी नवीन मुलगी होती. योजनेच्या कार्यालयातून बोलतेय. आता कसं वाटतंय तुम्हाला?

त्यानं वर बघितलं. पाटी त्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होती. त्याच्यामुळंच लिहिलेली. मग त्यानं मागं वळून बाकाकडं बघितलं. म्हातारी मान वर करून ऐकत होती.

"बरं हाय," तो म्हणाला. मोठ्यानं, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "झोप लागती. न्हाई, काही तक्रार न्हाई."

मला एक शब्द बोलता आला असता. हात हलवता आला असता. मी मशीनचं हिरवं बटण दाबलं. प्रती चांगल्या, ठळक काढून दिल्या. तो आईला धरून उतरला आणि गल्लीच्या टोकाशी दिसेनासा झाला. मी खुर्चीत बसले आणि मला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे ओट्याशी उभे होते, चहा उकळत होता. मला वाटलं खूश होतील.

"त्याची माय तिथंच व्हती?" ह्यांनी विचारलं.

"हाव. बाकावर बसल्ती."

"ऐकत व्हती?"

"हाव."

ह्यांनी गॅस बारीक केला. "मंग दुसरं काय म्हनल तो," म्हणाले, आणि आत्याबाईंची बाज जिथं असायची तिकडं बघत राहिले. इतके दिवस मी त्या रविवारचा सगळा राग त्या टेबलावरच्या माणसावर काढला होता. हे तेव्हा एवढ्या मोठ्यानं का बोलले, हे मी ह्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. हे त्याचा पुळका घेऊन मागं लागलेत, म्हणून अपिलाचा फॉर्म मी भरून ठेवलाय, बिनचूक. सही त्याची लागते. त्याचा फोन नंबर कार्डावर होता, तो मी पाठ केलाय, पण मी फोन करणार नाही. त्यानं यावं. आईला बाहेर बसवून यावं, माझ्या पाटीखाली उभं राहावं, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणावं की बरं न्हाई. मुदत पंधरा दिवसांची असते. आज तेरावा.